मायकडून आलेलं

इंदूताई उमाळे वाशीमजवळच्या मालेगावात आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायच्या आणि पोरं त्यांना मागून 'पेशीबाई' म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. एकदा कुणीतरी फळ्यावर ते नाव लिहून ठेवलं, तेही पहिली वेलांटी देऊन. ताईंनी ते पुसलं नाही. 'शि'ची 'शी' केली, त्याखाली रेघ मारली आणि म्हणाल्या, "नाव ठेवा, पण शुद्ध ठेवा." आणि तोच मथळा धरून पेशीविभाजन शिकवायला सुरुवात केली.

मी तिथं मराठी शिकवायला लागले तेव्हा त्या चाळिशीच्या आत-बाहेर होत्या. ठेंगण्या, चालण्यात घाई, साडी घोट्याच्या वर खोचलेली. लग्न केलेलं नव्हतं. गावाबाहेर वाशीम रस्त्याला त्यांच्या भावाचा भाजीचा मळा होता. तिथून रोज सकाळी भाऊ मोटरसायकलवर बाजारात जाताना त्यांच्या दारात पिशवी अडकवून जायचा. त्या पिशवीतली मेथी, पालक, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या आमच्या शिक्षक खोलीच्या टेबलावर यायच्या. वाटणी त्या स्वतः करत आणि घेणाऱ्याला सांगत, कोणती भाजी आजच करायची, कोणती उद्यापर्यंत टिकेल. मला त्या पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणाल्या, पण 'मॅडम' सोडलं नाही. "मॅडम, तू जेवली का?" असं त्यांचं चालायचं. मी हसायचे, त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

त्यांचं एक वाक्य होतं: "गप बसलं म्हणजे गेलं असं नसते." वर्गातल्या वांड पोराबद्दल, छताच्या गळतीबद्दल, मुख्याध्यापकांच्या रागाबद्दल, सगळ्यांना तेच. आणि एक सवय होती. शिक्षक खोलीत कुणी निवृत्तीनंतरचं बोलायला लागलं, प्लॉट घ्यायचा, घर बांधायचं, नातवंडं खेळवायची, की त्या कप उचलून खिडकीकडे जायच्या. सुरुवातीला मला वाटायचं, एकट्या आहेत म्हणून असेल.

कारण मला त्यांच्या घरी कळलं. बैठकीत भिंतीवर तीन फोटो होते, आजी, आई आणि थोरली बहीण शकू. तिन्ही फोटोंना हार आणि तिन्ही चेहरे जवळपास एकाच वयाचे. आजी आणि आई एकमेकींच्या बहिणी वाटाव्यात. त्या घरातल्या कुण्या बाईनं पन्नाशी पाहिली नव्हती. गावात त्याची एक गोष्टही होती. आजीनं म्हणे विहिरीवर नागीण मारली होती, तिचा तळतळाट बायांच्या अंगाला लागला. आईचं पोट फुगलं तेव्हा जाणत्याकडं नेलं, लिंबं उतरवली, आणि दवाखान्यात नेलं तोवर डॉक्टरांच्या हाती काही उरलं नव्हतं. शकूला स्तनात गाठ झाली. तिनं ती कुणाला दाखवली नाही, सांगितलीही नाही. इंदूताईंना कळलं तेव्हा ती काखेपर्यंत पोचली होती. त्यांनी शाळेतून रजा काढून बहिणीचं सगळं केलं. ती गेल्यावर सासरच्यांनी तिची ताट-वाटी माहेरी परत पाठवली. घरात ठेवायला नको म्हणून.

त्या वर्षीचा एक तास मला आठवतो. माझा वर्ग शेजारीच होता आणि मधली भिंत पातळ होती. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, कॅन्सर बाहेरून येते का?"

"नाही," इंदूताई म्हणाल्या. "तो पाहुणा नाही. आपलीच पेशी असते. बाकीच्या पेशी कामापुरत्या वाढतात आणि थांबतात. वेळ आली की मरतात. ही थांबायचं विसरते. मरायचंही विसरते."

"मग ती वाईट असते का?"

भिंतीपलीकडून फळा पुसल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "वाईट नाही. बिघडलेली. आकृती काढा."

पुढं तीनेक वर्षांनी त्यांनाच गाठ झाली. त्यांनी शकूसारखं केलं नाही. हाताला लागली त्याच आठवड्यात अकोल्याला जाऊन तपासून आल्या, आणि शिक्षक खोलीत, डबे उघडलेले असताना, सगळ्यांसमोर सांगितलं की मला स्तनाचा कर्करोग आहे, माझे तास वाटून घ्यावे लागतील. पुरुष शिक्षकांनी माना खाली घातल्या. तो शब्दच त्या खोलीत आजवर कुणी उच्चारला नव्हता.

शस्त्रक्रिया आणि औषधं आटपून त्या परत आल्या तेव्हा डोक्याला रुमाल होता आणि अंगावरची साडी सैल झाली होती. चहा आला. आमच्या एका सहकाऱ्यांनी शिपायाला हळूच काही सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ताईंच्या चहाचा कप वेगळा यायला लागला. कडा उडालेला, निळ्या फुलाचा. त्यांनी दोन दिवस त्यातून चहा घेतला. तिसऱ्या दिवशी बाजारातून सगळ्यांना पुरतील इतके कप आणले, सगळे एकसारखे पांढरे, आणि शिपायाला म्हणाल्या, "बाबूराव, जुने सगळे माळ्यावर टाका." त्यानंतर कोणता कप कुणाचा हे कुणालाच ओळखता येईना. ते सहकारी काही दिवस चहाच प्यायले नाहीत, मग प्यायला लागले.

त्यांची तब्येत सावरली तसं डॉक्टरांनी त्यांना नागपूरला पाठवलं. आजी, आई, बहीण आणि आता त्या स्वतः, तेव्हा हे रक्तात आलेलं आहे का ते पाहायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. रक्त आधीच देऊन झालं होतं. निकाल ऐकायला जाताना त्यांनी मला सोबत नेलं. तिथल्या डॉक्टरबाई वयानं लहान होत्या आणि नीट समजावून सांगत होत्या. प्रत्येक पेशीत एका दुरुस्ती करणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. पेशी रोज झिजते, तिच्यात चुका होतात, त्या दुरुस्त होत राहतात. इंदूताईंच्या अंगातल्या प्रत्येक पेशीत आईकडची प्रत जन्मापासून बिघडलेली होती. वडिलांकडची चांगली प्रत एकटी काम ओढत होती. मग कधीतरी, एका कुठल्या तरी पेशीत, तीही बिघडली. त्यानंतर त्या पेशीतल्या चुका साचत गेल्या, एकीवर एक, वर्षानुवर्षं. गाठ हाताला लागते ती सगळ्यात शेवटी.

हे सगळं इंदूताई दर वर्षी शिकवत होत्या. तरी त्या मांडीवर हात ठेवून विद्यार्थिनीसारख्या ऐकत राहिल्या. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "माझ्या भावाला?"

"भावाकडेही असू शकतं. निम्मी शक्यता. पुरुषांना त्रास कमी होतो, पण मुलांना ते पुढे देऊ शकतात. त्यांना मुलगी आहे का?"

"आहे," ताई म्हणाल्या.

परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसल्या. कारंजा सुटलं तेव्हा ऊन उतरलं होतं, दोन्ही बाजूंना तूर पिवळी पडलेली. त्या म्हणाल्या, "मॅडम, तू सांग. त्या दिवशी मी काय करत असन?"

"कोणत्या दिवशी?"

"दुसरी प्रत बिघडली त्या दिवशी. पयल्या गाठीच्या कितीक वर्षं आधी. पेपर तपासत असन, नाहीतर वांगे चिरत असन. काही दुखलं नसन. आपल्याले वाटते, एवढं मोठं होते तर काहीतरी वाजन तरी. काहीच वाजत नाही."

किन्हीराजाला एक बाई लेकराला घेऊन चढली. तिला जागा नव्हती, तर ताईंनी लेकरू मांडीवर घेतलं. ते झोपलं. मालेगाव येईपर्यंत त्या हलल्या नाहीत, आणि उतरताना पाय बधिर झाला म्हणून माझ्या खांद्याला धरून उतरल्या. स्टँडवर मला म्हणाल्या, "आता गजाननले सांगा लागन."

गजानन म्हणजे धाकटा भाऊ, मळेवाला. ताईंनी त्याला आईमागं वाढवलेलं. त्याला एकच मुलगी, पल्लवी. ती वाशीमला बी.एस्सी. झाली होती आणि नुकतंच तिचं लग्न मेहकरकडच्या एका घरी ठरत आलं होतं. मुलगा बँकेत होता. पाहुणे येऊन गेले होते, साखरपुड्याचं बोलणं चालू होतं.

त्या रविवारी ताईंनी मला मळ्यात नेलं. मी गेले नसते तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं, पण त्या एकट्या जायला घाबरत होत्या हे मला पहिल्यांदाच दिसलं. गजाननभाऊ विहिरीजवळ पालकाच्या जुड्या बांधत होते. ताईंनी समोर बसून सगळं सांगितलं. त्यांनी हात न थांबवता ऐकलं.

"ते बायायचं दुखणं हाय, ताई," शेवटी ते म्हणाले. "मायकडून आलं, शकूताईले गेलं, तुले गेलं. माह्या पोरीचा काय संबंध? ते माही पोरगी हाय."

"मायनं तुलेही निम्मं देल्लं, गजानन. नाक देल्लं, रंग देल्ला. हे देल्लं का नाही ते पाहा लागन. रक्ताचीच तपासणी हाय. तुह्यात नसन तर विषय संपला."

"आन असन तर?"

"तर पल्लवीचं पाहू. लवकर कळलं तर जीव वाचते. शकूचं कळलं असतं तर..."

"शकूताईचं नाव नको काढू." त्यांनी जुडी खाली ठेवली. "पुढच्या महिन्यात साखरपुडा हाय. तू आता हे गावभर करशीन तर कोन करन तिच्याशी लग्न? मी रक्त देत नाही. तूही तिच्याजवळ बोलजो नको. माही शपथ हाय तुले."

ताई उठल्या. पुढचे काही दिवस त्या वर्गात जात, शिकवत, येत. शिक्षक खोलीत भाजीची वाटणी करत. एका दुपारी मला म्हणाल्या, "शकूनं लपवलं म्हणून मी तिले लय शिव्या देल्ल्या होत्या. मेल्यावरही देल्ल्या. आता मी काय करून राह्यली?"

त्यांनी पल्लवीला सांगितलं. मळ्यातच, वांग्यांत निंदण चालू होतं तेव्हा. हे मला पल्लवीनंच नंतर सांगितलं. आत्या तिच्याजवळ खाली बसली, खुरपं हातात घेतलं आणि निंदत निंदत बोलली. "हे पाय, प्रत्येक वाफ्याले निंदणाऱ्या दोन बाया असतात असं समज. एक नागा करन तर दुसरी निंदते. आपल्या घरात काहीजणीच्या वाट्याले जन्मापासूनच एक बाई येते. दुसरी एखाद्या दिवशी एखाद्या वाफ्यात नाही आली, की तिथं तण माजते. तुह्या वाट्याले एक हाय का दोन, मले माहीत नाही. तुह्या बापालेही माहीत नाही. तू ठरव, पाहाचं का नाही. लग्नाआधी पाहाचं का नंतर, तेही तूच ठरव. मी कोनाले सांगनार नाही."

पल्लवी तीन-चार दिवस मळ्यातलं काम करत राहिली. मग तिनं होणाऱ्या नवऱ्याला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "मले वाटलं, हे लपवून मी रोज त्याच्या ताटात जेवू कशी?" मुलगा ऐकून घेऊन म्हणाला, मी घरी बोलतो. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. मध्यस्थाचा आला. पत्रिका जमत नाही, असं कळवलं होतं. पत्रिका आधीच जमलेली होती.

गजाननभाऊंनी त्या दिवसापासून बहिणीच्या दारात पिशवी अडकवणं बंद केलं.

पल्लवी हट्टानं नागपूरला गेली. वडील देत नव्हते, म्हणून तिनं स्वतःचंच रक्त दिलं. निकाल यायला काही आठवडे लागले, आणि त्या आठवड्यांत इंदूताईंना मी पेपर तपासताना पाहिलं तर त्या एकाच पानावर कितीतरी वेळ असायच्या. निकाल आला. पल्लवीकडे ते आलेलं नव्हतं. तिच्या दोन्ही प्रती चांगल्या होत्या.

ताईंनी फोन ठेवला. शिक्षक खोलीत आम्ही दोघीच होतो. त्या म्हणाल्या, "मॅडम, पोरीले नाही." मग हसल्या, डोळे पुसले, पुन्हा हसल्या. थोड्या वेळानं खुर्चीत टेकून बसल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. सोयरीक उगीचच मोडली, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं.

गजाननभाऊ दुसऱ्याच दिवशी आले. मी ताईंच्या घरी होते. ते अंगणातच उभे राहिले, चपला काढल्या नाहीत.

"पोरीत काहीच नोतं," ते म्हणाले.

"नाही, देवाच्या कृपेनं."

"मग काहून सांगतलं तिले?"

"नसन हे मले काय माहीत होतं, गजानन? नाही आलं हे कळायलेही पाहाच लागते."

त्यांनी तुळशीकडे पाहिलं. आवाज चढलेला नव्हता. "तुले तुह्यासारखं कोनी तरी पायजे होतं, ताई," ते म्हणाले. "एकटी पडली होतीस म्हणून." आणि गेले.

ताईंनी दार लावलं नाही. आत येऊन माठातलं पाणी प्यायल्या. मी म्हटलं, रागात बोलले ते, मनावर घेऊ नका. त्या म्हणाल्या, "रागात नाही बोलला. इचार करून बोलला." पुढं कितीतरी दिवस त्यांनी ते वाक्य घोळवलं. एकदा मला विचारलं, "तो म्हणते तसं असन काय, मॅडम? माणसाले आपल्या आतलं सारं थोडीच कळते." मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जसं त्या उत्तर पाठ करून आलेल्या मुलाकडे पाहायच्या.

डॉक्टरांच्या सल्ल्यानं उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी अंडाशयं काढून घेतली. आई ज्यानं गेली ते तरी टळावं म्हणून. शाळा सुरू झाली तेव्हा त्या कामावर हजर होत्या. नव्या वर्गाला पेशी शिकवली. आम्हाला वाटायला लागलं की निभावलं. त्या मात्र तसं एकदाही म्हणाल्या नाहीत.

पुढच्या वर्षी कंबर दुखायला लागली. आधी खुर्चीवर खापर फोडलं, मग एसटीच्या धक्क्यांवर. तपासणीत कळलं की जुना रोग हाडांत गेला आहे, यकृतातही आहे. त्यांनी मला ते जिन्यात थांबून सांगितलं, हातात हजेरी होती, तास चुकू नये म्हणून घाईनं. "मले माहीत होतं," म्हणाल्या, "गप होतं ते." आणि वर गेल्या. त्या तासाला त्यांनी काय शिकवलं ते माहीत नाही. पोरं नेहमीसारखीच बाहेर आली.

शेवटच्या दीड वर्षात पल्लवी त्यांच्याजवळ राहायला आली. बापाशी भांडून नाही. ती रोज सकाळी मळ्यात जाऊन वडिलांना भाजी काढू लागायची आणि दुपारी आत्याकडे यायची. दोन घरांत काय चाललंय हे ती दोघांनाही सांगत नसे. तिचं लग्न पुन्हा कुठं जमलं नाही. एका ठिकाणी तिनं तपासणीचा कागद दाखवला, मला नाही म्हणून सांगितलं. समोरच्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, पण घराण्यात तर आहे ना. ताईंना हे कळू नये अशी तिची धडपड होती. ताईंना ते कळलेलं होतं. आपल्याला कळलं आहे हे पोरीला कळू नये, अशी त्यांची धडपड होती.

औषधांसाठी त्यांना दर काही आठवड्यांनी नागपूरला जावं लागे. शेवटी गेल्या त्या दिवशी मी त्यांना स्टँडवर पोचवायला गेले. सकाळची वेळ होती, बाजाराचा दिवस, स्टँडवर टोपल्या आणि गठुड्यांची गर्दी. पल्लवीनं आणि मी धरून त्यांना एसटीत चढवलं. त्या खिडकीजवळ बसल्या, डोक्याला बांधलेला रुमाल सारखा केला आणि काच सरकवली. मी खाली उभी राहून पाण्याची बाटली वर दिली. पल्लवी शेजारी बसत होती, ती एकदम थांबली.

"आत्या," ती हळू म्हणाली. "बाबा आले."

रस्त्याच्या पलीकडे, रसवंतीजवळ गजाननभाऊ उभे होते. मोटरसायकल बाजूला लावलेली, मागं भाजीचं गाठोडं. बाजारात जाता जाता थांबले असतील, की मुद्दाम आले असतील, सांगता येत नाही. त्यांनी रस्ता ओलांडला नाही. हातातली टोपी या हातातून त्या हातात घेत ते एसटीकडे पाहत होते. मी हात करून त्यांना बोलवायला गेले, तर ताई वरून म्हणाल्या, "राहू दे, मॅडम."

त्या त्यांच्याकडे पाहत राहिल्या. कंडक्टरनं घंटी दिली, गाडी मागं सरकली, वळली, तेवढा वेळ त्यांनी मान वळवत वळवत भावाला नजरेत ठेवलं. गाडी माझ्यासमोरून गेली तेव्हा त्या पल्लवीला सांगत होत्या, आणि खिडकी उघडी असल्यामुळं मला ऐकू आलं.

"त्याचे केस पांढरे झाले वो. मले माहीतच नोतं."